विद्यार्थ्यांच्या मनाचा कैवार कोण घेणार?

वाचकहो, शाळेच्या दप्तरी मुलाविषयी पुष्कळ काही नोंदलेले असते. त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, पोटजात, हजेरी, गुण, शिष्यवृत्तीची रक्कम, इतकेच नव्हे तर त्याची उंची आणि वजनही. परंतु ते मूल गेले पंधरा दिवस कोणाशी बोललेले नाही, मधल्या सुटीत ते एकटेच भिंतीशी उभे असते, पूर्वी पहिल्या बाकावर बसणारे ते आता शेवटच्या बाकावर जाऊन बसले आहे, ह्या गोष्टींची नोंद करणारे दप्तर आमच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही. जातीची नोंद आहे. जातीमुळे मनास झालेल्या जखमेची नोंद नाही. म्हणून ह्या अंकी आम्ही हा विषय हाती घेत आहोत. हा विषय डॉक्टरांचा आहे, पाक्षिकाचा नव्हे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. विशाखापट्टणम येथे वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निर्णय दिला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता ह्यांच्या पीठाने त्यात १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि मनाचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वे १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे बंधनकारक आहेत. ती केवळ शहरांतील खासगी शिकवणी-वर्गांपुरती नाहीत. सरकारी शाळा, खासगी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे ह्या सर्वांस ती लागू आहेत. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत तिने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. जेथे विद्यार्थी त्याहून कमी आहेत तेथे बाहेरील तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. शिक्षक व शिक्षकेतर सेवक ह्यांस वर्षातून निदान दोन वेळा ह्या विषयाचे शिक्षण द्यावे. गुणांवरून मुलास चारचौघांत लाजविण्याचे शक्यतो टाळावे, असे न्यायालय सांगते.

ह्यातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अपंग अशा विद्यार्थ्यांशी सन्मानाने व भेदभावावाचून कसे वागावे, हे सेवकवर्गास शिकविले पाहिजे, आणि जातीवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी सोय संस्थेत असली पाहिजे, असेही ह्या तत्त्वांत आहे. म्हणजे मनाचा विकार आणि समाजाचा विकार ह्यांचा संबंध आता देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने लेखी मान्य केला आहे. त्याआधी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि ती सेवा देताना धर्म, जात, वर्ग, लिंग ह्यांवरून भेद करता येणार नाही, असे बजाविले आहे. कायदा आहे. तो वर्गाच्या दारापर्यंत आलेला नाही, हे दुःख आहे.

प्रश्न किती मोठा आहे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पीडित आढळली. म्हणजे ६० मुलांच्या एका वर्गात चार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले, आणि त्यांत सर्वांत अधिक विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातील होते. हे विद्यार्थी कोणत्या समाजाचे होते, हे त्या अहवालात वेगळे दिलेले नसते. परंतु १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा ज्या आईबापांनी आपली मुले दूरच्या विद्यालयांत धाडली होती त्यांच्या छातीत काय झाले असेल, हे सांगावयास आकड्यांची गरज नाही.

आता आमच्या बार्शीतील एक गोष्ट सांगतो. नावगाव सांगणे योग्य होणार नाही. बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, पोराचा दाखला काढायचाय शाळेतनं. अर्ज लिहून द्या.’’ मुलगा नववीत, हुशार. दाखला कशासाठी, ह्याचे उत्तर बापास ठाऊक नव्हते आणि मुलगा बोलत नव्हता. तो घरीही बोलत नव्हता. पुष्कळ दिवसांनी कळले ते एवढेच, की शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवशी वर्गात ‘फुकटवाले उभे राहा’ असा हुकूम होत असे आणि ती मुले उभी राहिली की बाकीची हसत. मारझोड नाही, जातीचा उच्चार नाही, पाच अक्षरांचा एक शब्द!

आम्ही पुस्तके चाळली. अत्याचार प्रतिबंधक कायदा पाहिला. जातीचे नाव घेऊन अपमान झाला असता तर वाट सरळ होती, येथे ती अवघड होती. शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम मानसिक छळास मनाई करते, परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. हा मुलगा चौदा ओलांडलेला. बाल न्याय अधिनियमाचे ७५ वे कलम आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्यास अकारण मानसिक क्लेश दिल्यास ते शिक्षा सांगते. तेव्हा कज्जा उभा करता आला असता. परंतु कज्जा उभा राहतो तो साक्षीवर, आणि साक्षीदार तर मुका झाला होता. मनाच्या डॉक्टरांसाठी सोलापूर गाठावे तर सुमारे ७० किलोमीटरची वाट, दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बापाची एक दिवसाची मजुरी बुडणार. शेवटी शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंपाशी तो मुलगा तीन महिन्यांनी बोलू लागला. शाळा मात्र सुटली ती सुटलीच. दुसरीकडे नाव घालावे लागले.

त्या दिवशी आम्हांस जे कळले ते वीस वर्षांच्या वकिलीने कळले नव्हते. हक्क मागण्यासाठी आधी बोलता यावे लागते. ज्याचे मन मिटले आहे त्यास तक्रारअर्ज लिहिता येत नाही, साक्ष देता येत नाही, सभेत उभे राहता येत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पत्र काढले त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेविले, ते उगाच नव्हे. समाज मुका होता तेव्हा पत्र हवे होते. आज मूल मुके होते आहे. त्यास शाळेत असे एक माणूस हवे, की ज्याच्यापाशी ते पहिला शब्द बोलेल. समुपदेशक म्हणजे श्रीमंतांच्या शाळेतील शोभेची वस्तू नव्हे. न्यायाची पहिली पायरी तो आहे.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही आमच्याच माणसांकडून येतील. पहिला असा, की ‘आमच्या बापजाद्यांनी ह्याहून शतपट सोसले, त्यांस कोठे असले रोग झाले?’ त्यांस रोग झाले नाहीत हे कोणी मोजले? ज्याने दारूत आयुष्य बुडविले, जी विहिरीच्या काठावरून परत आली नाही, जो ‘वेडा’ म्हणून वेशीबाहेर फिरत राहिला, ते सगळे कोणत्या खात्यावर मांडावयाचे? स्वतः बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतील आठवण लिहून ठेविली आहे. बसावयास घरून आणलेले गोणपाट आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान, असा तो अनुभव. कित्येक वर्षांचा काळ लोटल्यानंतर विद्वत्तेच्या शिखरावर पोचलेला पुरुष ती आठवण लिहावयास बसतो, ह्याचा अर्थ ती जखम लहान होती असा होत नाही. ती सोसून ते उभे राहिले हा त्यांचा पराक्रम. परंतु एकाने विष पचविले म्हणून सर्व मुलांस विष पाजावे, असे कोणता शहाणा म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘अन्याय करणारा बाहेर मोकळा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यासच रोगी ठरवून औषध द्यावयाचे, हा कोणता न्याय?’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मुलाने अपमान सांगितला आणि समुपदेशकाने ‘मनावर घेऊ नकोस, दुर्लक्ष कर’ असे उत्तर दिले, तर त्याने नवे काही केले नाही. ज्याच्या त्याच्या कर्माचे भोग हा जुनाच उपदेश त्याने नव्या खुर्चीवरून केला. असा समुपदेशक आम्हांस नको. ज्यास जात म्हणजे काय हे ठाऊक आहे, मुलाचे दुःख आणि त्या दुःखाचे कारण ह्या दोहोंचा जो विचार करतो, आणि कारण वर्गात असेल तर मुलाची संमती घेऊन, त्याचे गुपित राखून, मुख्याध्यापकांसमोर ते मांडण्याची ज्याची छाती आहे, असा माणूस आम्हांस हवा. न्याय मिळेपर्यंत मुलाने एकट्याने तडफडत राहावे हेही चूक, आणि मुलाचे अश्रू पुसले म्हणून गुन्हा मिटला हेही चूक. दोन्ही कामे एकदमच झाली पाहिजेत.

आपण बौद्ध आहोत, म्हणून आपणांस हा विचार परका वाटता कामा नये. धम्मपदाचा आरंभच मनाच्या विचाराने होतो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भाषण करताना बाबासाहेबांनी धर्मांतराची कारणे सांगितली, त्यांत उत्साहाचा विचार त्यांनी मुद्दाम मांडला होता. ज्याचे शरीर आणि मन सुदृढ त्याच्याच ठायी उत्साह असतो, आणि ज्या समाजाचा उत्साह मारला गेला त्याचा उत्कर्ष होत नाही, असा त्यांचा आशय होता. भाकरीचा प्रश्न त्यांस ठाऊक नव्हता असे नाही. परंतु धर्मांतर त्यांनी केले ते मानाकरिता आणि मनाकरिता. ज्या समाजाने इतक्या मोठ्या किंमतीने मनाची गुलामी फेकून दिली, त्याच्याच मुलामुलींची मने शाळेत कोमेजू लागली तर ती दीक्षा अपुरी राहिली असे म्हणावयास नको काय?

आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्याचे दोष सांगणाऱ्या पत्राने आपल्यांचे दोष झाकू नयेत. मूल गप्प झाले, झोपेत ओरडू लागले, अंगात आल्यासारखे करू लागले, की आजही आपल्यापैकी कित्येक घरांतून त्यास अंगारा लावतात, लिंबू उतरवितात, देवऋष्याकडे नेतात. बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि तिच्याखाली गंडा बांधलेले मूल! भूत उतरविण्याच्या मिषाने कोणास बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परंतु बौद्धास तेवढ्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

दुसरा दोष अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक. आपण मुलास म्हणतो, ‘बाबासाहेबांसारखा हो.’ म्हणतो ते प्रेमाने. परंतु बारा वर्षांच्या पोरीने सकाळी भांडी घासावी, धाकट्या भावास सांभाळावे, दहा बाय दहाच्या खोलीत दूरदर्शनच्या आवाजात अभ्यास करावा आणि गुण मात्र नव्वद टक्के आणावेत. न आणले तर तिने आईबापांचे नव्हे, सबंध समाजाचे नाक कापले! त्या २०२२ च्या आकड्यांतील २,२४८ मृत्यू परीक्षेतील अपयशाच्या नावावर नोंदलेले आहेत. बाबासाहेबांचे नाव मुलास पंख म्हणून द्यावे, पाठीवरचे ओझे म्हणून देऊ नये. नापास झालेले मूलही आपलेच आहे, हे त्यास आपल्या तोंडून ऐकू आले पाहिजे, आणि निकालाच्या आदल्या दिवशी ऐकू आले पाहिजे.

मुलाचे शिक्षण म्हणजे केवळ पुस्तके नव्हेत, हे आपल्या चळवळीस पूर्वीच कळले होते. १९२४ साली बार्शीत भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेस बाबासाहेब आले होते. त्याच वर्षी २० जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने आपले वसतिगृह काढले ते आपल्याच सोलापुरात. खेड्यातून आलेल्या मुलास शाळेत जागा मिळाली तरी गावात डोके टेकावयास जागा मिळत नसे. त्या मुलास नुसती फी भरून दिल्याने भागणार नव्हते. त्यास जेवण हवे होते, आणि त्याचबरोबर आपल्यासारख्याच मुलांची संगत व आपलेपणाने चौकशी करणारा माणूस हवा होता. सभेने मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर तरुणांसाठी हॉकीचे मंडळही काढले होते. समुपदेशन हा शब्द तेव्हा नव्हता. काम मात्र चालू होते.

सरकारी बाजूनेही हा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली अहवाल दिला त्यात मार्गदर्शन हे प्राथमिक शाळेपासून शिक्षणाचेच अंग मानावे, आणि माध्यमिक शाळांसाठी निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले होते. ही सूचना आता साठ वर्षांची होत आली. ज्यांनी ती केली त्यांची नातवंडे शाळा संपवून बाहेर पडली असतील. तो फिरता समुपदेशक मात्र अद्याप वाटेतच आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बार्शी शहरातील व तालुक्यातील, अनुदानित असो वा विनाअनुदानित, १०० किंवा अधिक पटाच्या प्रत्येक शाळेने पात्र समुपदेशक नेमावा आणि त्याचे नाव व भेटीची वेळ फलकावर लावावी. चित्रकलेच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाच्या गळ्यात ‘समुपदेशक’ ही पाटी अडकवून कागद रंगविणे आम्ही नेमणूक मानणार नाही. ज्या वस्तीशाळांत पट लहान आहे तेथे जिल्हा परिषदेने केंद्रनिहाय एक फिरता समुपदेशक द्यावा. वैराग, पांगरी ह्या बाजूच्या मुलांनी मनाचे दुखणे घेऊन सोलापूर गाठावे, ही अपेक्षा क्रूर आहे. मागासवर्गीय मुलामुलींच्या शासकीय वसतिगृहांत ही व्यवस्था सर्वांआधी झाली पाहिजे, कारण तेथील मुलास संध्याकाळी आईच्या कुशीत शिरता येत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, याद्या व त्रुटी भर वर्गात पुकारण्याची पद्धत आजच बंद व्हावी. त्यास एक पैचा खर्च नाही. आणि ह्या पदांवर नेमणुका करताना आमच्या समाजातील समाजकार्याच्या व मानसशास्त्राच्या पदवीधरांस घटनेप्रमाणे त्यांची जागा मिळावी.

वाचकहो, मागणी छापून आमचे काम संपत नाही आणि वाचून तुमचेही संपत नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीत तुम्ही आहात. सही करून चहा पिऊन परत येऊ नका. पुढील बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. समुपदेशक कोण? सेवकवर्गाचे शिक्षण कोणत्या तारखेस झाले? जातीवरून छळ झाल्यास तक्रार कोणाकडे व कशी करावयाची? उत्तर न मिळाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपयांचे काम आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस भाग आहे. प्रत्येक विहारात महिन्यातील एक रविवार मुलांच्या बोलण्यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी मोठ्यांनी भाषण करू नये, ऐकावे. तोवर अडचण आली तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतात. दोन्हींस पैसे पडत नाहीत. ते विहाराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा.

पटाचारेची कथा आपणांस ठाऊक आहे. एकाच प्रवासात पती, दोन्ही मुले आणि माहेरचे सर्वजण गमावून ती भ्रमिष्ट झाली आणि वस्त्राची शुद्ध हरपून श्रावस्तीच्या वाटांवर फिरू लागली. लोक तिला हाकलीत. ती जेतवनात आली तेव्हाही लोक अडवू लागले. भगवान बुद्ध म्हणाले, तिला येऊ द्या. कोणी तरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. तथागतांनी तिला ‘वेडी’ म्हटले नाही, तिच्याशी ते बोलले आणि तिची हरवलेली स्मृती तिला परत मिळाली. पुढे हीच पटाचारा भिक्षुणीसंघात विनय जाणणाऱ्यांत अग्रगण्य ठरली. विनय म्हणजे संघाचा कायदा. जिला लोकांनी वेडी म्हणून हाकलले होते, ती कायदा जाणणाऱ्यांची अग्रणी झाली, कारण एकाने तिला येऊ दिले आणि एकाने तिला वस्त्र दिले.

आपल्या शाळांच्या दारात अशी मुले आज उभी आहेत. त्यांस आत येऊ देणारा माणूस प्रत्येक शाळेत नेमला जाईपर्यंत आम्ही ह्या स्तंभात हा प्रश्न पुन्हा पुन्हा मांडणार आहोत. आपल्या गावच्या शाळेत काय आढळले ते वाचकांनी आम्हांस लिहून कळवावे. मुलाचे नाव लिहू नये.

जय भीम!